मिसिंग, पण बंद न्हाई

आक्कांना कुणी विचारलं की मालक कुठं असतात तुमचे, तर त्या सांगायच्या, "मिसिंग हाईत." कुणाचा नवरा पुण्याला असतो, कुणाचा मुंबईला गिरणीत असतो, तसे आक्कांचे मालक मिसिंग असायचे. सांगताना आवाजात रड नाही की चोरटेपणा नाही. नव्या माणसाला ते एखाद्या गावाचं नाव वाटायचं. आमच्या शाळेतल्या शिपाईणीनं तर मला एकदा विचारलं होतं, की हे मिसिंग कराडच्या अलीकडं येतं का पलीकडं.

मी तेव्हा साताऱ्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. घर सांगलीचं. लग्न झालेलं नव्हतं, आणि बिनलग्नाच्या मास्तरणीला खोली द्यायची म्हटलं की साताऱ्यातल्या भल्या भल्या घरांत नेमके त्याच महिन्यात पाहुणे येणार असायचे. आक्कांनी मात्र मला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला. "रइवारी सकाळी उशिरापातूर झोपायची सवय हाय का?" मी नाही म्हटलं. "मंग जमलं," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. जात विचारली नाही, पगार विचारला नाही, वडील काय करतात तेही विचारलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी त्या खोलीत राहिले. त्या प्रश्नाचं कारण मात्र मला पहिल्याच रविवारी कळलं.

घरामागं गोठा होता. त्यात गाय नव्हती, मोटार होती. कापडी टपाची, लांब नाकाची, जुनी मोटार. लढाईच्या आधी मालक ती सातारा ते वाई भाड्यानं चालवायचे. मग लष्कराला मोटारी हाकणारी माणसं हवी झाली तेव्हा ते भरती झाले, आणि जाताना गाडी बायकोच्या हवाली करून गेले. हवाली म्हणजे नीट शिकवून. आठवड्यातनं एकदा चालू करायची, आणि चालू झाली की दुसरं काही न करता ऐकायचं, असं त्यांचं सांगणं होतं. आक्कांनी ते व्रतासारखं धरलं. टायर काढून, पोत्यांत गुंडाळून माळ्यावर टाकले होते आणि गाडी विटांवर उभी होती. पेट्रोल तेव्हा कुपनावर. मालकांच्या ओळखीचे मोटारवाले बाटलीभर आणून द्यायचे, आणि आक्का ते आजाऱ्याला औषध पाजावं तसं जपून घालायच्या. त्या सगळ्या वर्षांत ती गाडी वीतभरसुद्धा पुढं सरकली नाही. पण रविवार उजाडला आणि ती चालू झाली नाही, असं मला आठवत नाही. पेठेतले लोक चेष्टेनं विचारायचे, काय आक्का, कुठवर गेली गाडी? आक्का गंभीरपणे सांगायच्या की अजून रस्त्यात आहे.

बाई उंच, हाडापेरानं मजबूत. कपाळावर ठसठशीत कुंकू. गाडी चालू करायची म्हणजे आधी कासोटा आवळायच्या, पदर खोचायच्या, मग पुढं वाकून हँडल मारायच्या. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. पलीकडनं धरला आणि हँडल उलटं आलं तर मनगट जातं. हे त्यांनी मला इतक्यांदा बजावलं की मी पुढं आयुष्यभर जात्याचा खुंटासुद्धा तसाच धरत आले. इंजिन सुरू झालं की त्या मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून, बॉनेटपाशी उभ्या राहायच्या. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मी एकदा चहा ठेवू का असं विचारलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्या दिवशी आमचा चहा थेट दुपारी झाला. वाईचा एक मोटारवाला आल्या आल्या पान्हा घेऊन इंजिनात हात घालायला गेला तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर फटका मारला होता. आधी कान, मग हात, असा त्यांचा दंडक होता.

गाडी कधी सुरळीत चालायची, कधी नाही. मध्येच एक ठोका चुकायचा, सगळं धूड हिसडायचं, पाठीमागनं फट्‌कन आवाज यायचा. मोटारवाले याला मिसिंग म्हणतात. चार सिलिंडरांपैकी एखाद्यात ठिणगी पडत नाही, ते काम करत नाही, आणि बाकीचे तिघं त्याचं ओझं ओढत राहतात. हे मला आक्कांनीच समजावलं, पण सिलिंडर म्हणून नाही. पहिलं त्यांच्या लेखी मामंजी, म्हणजे सासरे. दुसरं आत्याबाई, म्हणजे सासू. तिसरं भावजी, म्हणजे कुंडलला शेती बघणारा धाकटा दीर. चौथ्याला नाव नव्हतं. चौथ्यापाशी आलं की आक्का नुसती हनुवटी वर करायच्या आणि मी समजायचं ते समजायचे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही, मग ते सिलिंडरला दिलेलं का असेना.

कोण रुसलं आहे हे शोधायची रीत ठरलेली होती. इंजिन चालू ठेवायचं, हाताला कोरड्या घोंगडीचा तुकडा गुंडाळायचा, आणि ठिणगी पाडणाऱ्या एकेका प्लगची वायर काढून बघायची. मामंजींची वायर काढली आणि इंजिन आणखी कण्हायला लागलं, म्हणजे मामंजी काम करत होते. त्यांची वायर परत लावायची. आत्याबाईंची काढली, पुन्हा तसंच. भावजींची काढली आणि काहीच फरक पडला नाही, की भावजी सापडले. "हाईत तरी त्येच, न्हाईत तरी त्येच," आक्का समाधानानं म्हणायच्या. भावजी वरचेवर सापडायचे. एकदा त्यांची वायर उंदरानं कुरतडली होती, एकदा प्लग काजळीनं भरला होता. मग प्लग काढायचा, काथ्यानं घासायचा, टोकांमधली फट नखाच्या जाडीएवढी करायची आणि परत बसवायचा. दुपारच्या जेवणापर्यंत भावजी कामाला लागलेले असायचे.

"एका वक्ताला येकच काढायचं, बाई. दोन काढली की कळत न्हाई लबाड कोन ते." हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते त्या गाडीपुरतं ठेवत नसत. माझं पोट दुखायला लागलं तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझी मिरची बंद केली. दुसऱ्या दिवशी मिरची परत देऊन चहा बंद केला. असं करत करत शेवटी सांगलीहून आईनं पाठवलेल्या लोणच्याला पकडलं. मी हा प्रकार शाळेत सांगितला तेव्हा शिक्षिकांच्या खोलीत हशा पिकला. त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या बाई रजेवर गेल्या, आणि शाळेच्या कारभारात काडीचाही फरक पडला नाही. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि गुपचूप आपापल्या वर्गावर गेलो.

तार आली त्या दिवशी मी घरीच होते. पोस्टमननं ती माझ्याच हातात दिली, कारण इंग्रजी वाचणारी घरात मीच. मालक मलायात होते आणि तिकडच्या वाईट बातम्या रोज कानावर येत होत्या, त्यामुळं मी ती तिथंच उभ्या उभ्या उघडली. आक्का उंबऱ्यात उभ्या, दोन्ही हातांना पीठ. सरकारी इंग्रजीत दोन ओळी होत्या आणि त्यात तो शब्द होता. मी मराठी शब्द शोधायला लागले. हरवले म्हणावं तर ते काही जत्रेतलं मूल नव्हते. बेपत्ता म्हणावं तर तो वर्तमानपत्रातला शब्द. शेवटी मी सांगितलं, की आक्का, इथं मिसिंग असं लिहिलंय.

आक्का खाली बसल्या. मी त्यांना धरायला पुढं झाले, पण मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट घडलं. त्यांच्या तोंडावरचा गेलेला रंग परत आला.

"मंग बंद न्हाईत," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी समजवायला गेले. त्यांनी पिठाचा हात वर करून मला थांबवलं. "मिसिंग मजी काय ते मला ठावं हाय, बाई. मिसिंग मजी ठोका चुकतोय. बंद मजी बंद. सरकारला बंद म्हनायचं असतं तर सरकारनं तसं लिवलं असतं."

मी गणिताची बाई. चुकीचं उत्तर दिसलं की लाल पेन्सिल आपोआप हातात येते. पण हे उत्तर खोडावं कसं, ते मला त्या दिवशी सुचलं नाही, आणि नंतरही कधी सुचलं नाही. आक्का उठल्या आणि उरलेल्या भाकरी थापायला गेल्या.

तेव्हापासून मिसिंग हा शब्द त्यांनी पुढं करून चालायला सुरुवात केली. पेठेतल्या बायका मनानं वाईट नव्हत्या, पण चैत्रातल्या हळदी-कुंकवाला आक्कांना बोलवावं की नाही हे त्यांना कळेना. आक्कांनी तो प्रश्नच शिल्लक ठेवला नाही. त्या न बोलावता गेल्या आणि मला बरोबर घेऊन गेल्या. सगळ्यांना कुंकू लावत लावत घरची बाई आक्कांपाशी आली आणि तिचा हात मध्येच थांबला. आक्का कपाळ पुढं करून तशाच बसून राहिल्या. "मिसिंग हाईत म्हनलं न्हवं का," त्या शांतपणे म्हणाल्या, "लावा." बाईनं कुंकू लावलं. आक्कांनी कैरीची डाळ मागून घेऊन दोनदा खाल्ली.

उचकीचं मी इथंच सांगून टाकते. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या नावावर उचकी थांबेल तोच आठवण काढणारा. आक्कांची पंचाईत अशी, की ज्या नावावर ती थांबावी असं वाटायचं, तेच त्यांना घेता येत नव्हतं. मामंजी, आत्याबाई, माहेरची माणसं, पूर्वी गोठ्यात असलेली गाय, अशी सगळी नावं त्या संपवायच्या, आणि मग उचक्या देत माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "बाई, घ्या वो." मी वह्या तपासत असायचे. वैतागून, मान वर न करता, मी त्यांच्या नवऱ्याचं नाव घ्यायचे. उचकी थांबायची. आक्का लाजायच्या, आठवण काढत्यात म्हणायच्या, आणि जायच्या. इंजिनात ज्याला काढल्यावर फरक पडत नाही तो धरायचा, आणि उचकीत ज्याचं नाव घेतल्यावर फरक पडतो तो. आक्कांच्या डोक्यात या दोन्ही रीती एकाच धड्यातल्या होत्या.

इतक्या वेळानं उचकी तशीही थांबलीच असती, असं मी त्यांना एकदा सुनावलं. त्यांनी माझी कीव आल्यासारखं माझ्याकडं बघितलं. मला खरंच राग यायचा. पण मध्ये बरेच दिवस त्यांना उचकी लागली नाही, की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. त्या माणसाला मी कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, आणि त्याच्या घरात त्याचं नाव घेणारी मी एकटीच होते.

पावसाळ्यात यवतेश्वराच्या बाजूनं धुकं उतरायचं आणि गोठ्यातलं सगळं ओलं गच्च व्हायचं. प्लगना दमट हवा सोसत नाही. मग आक्का चारही प्लग काढून आणायच्या आणि भाकरी करता करता तव्याच्या कडेला शेकायला ठेवायच्या. मामंजी, आत्याबाई आणि भावजी एका ओळीत. चौथा जरा बाजूला, विस्तवाच्या जवळ. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यास्नी सर्दी लवकर हुती." त्या दिवसांत आमच्या भाकरीला पेट्रोलचा वास यायचा. मी तक्रार करायचे आणि खायचे.

एका दसऱ्याला मात्र त्यांची खरी परीक्षा झाली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. दरवर्षी आक्का बॉनेटवर हळद-कुंकवाची दोन बोटं ओढून मोकळ्या व्हायच्या. त्या वर्षी लढाई संपायची काही चिन्हं नव्हती, कुणाचं पत्र नाही, खबर नाही. म्हणून असेल, त्यांनी पूजा मनापासून केली. पान्हे पूजले, हँडल पूजलं, घोंगडीचा तुकडासुद्धा पूजला. बॉनेट उघडून आतल्या चौघांना पाणी शिंपडून हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलहून खरे भावजी आले.

माणूस वाईट नव्हता. ऊस, विहीर, म्हातारे आईबाप, सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडलं होतं. ओसरीवर बसून, मान खाली घालून भावजी बोलले. तारेला आता फार दिवस झाले. आई अंथरुणाला खिळली आहे. थोरल्या लेकाचे दिवस घातल्याशिवाय तिच्या जिवाला स्वस्थता नाही. वैनींनी कुंडलला यावं, सगळं उरकून घ्यावं, आणि मग रीतीनं तिथंच राहावं. रीतीनं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांची नजर आक्कांच्या कपाळावर गेली आणि झटकन खाली आली. गाडीला फलटणचं एक गिऱ्हाईक त्यांनी बघून ठेवलं होतं.

आक्का म्हणाल्या की आज रविवार आहे, आधी गाडी चालू करू द्या, मग बोलू.

गाडी चालू झाली ती हिसडे देतच. फटाफट आवाज, धूर, टप थरथरायला लागला. इतकं वाईट मिसिंग मी त्या गोठ्यात कधी ऐकलं नव्हतं. भावजी दारात उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "वैनी, गाडी बी सांगाया लागलीया. आता तरी मनावर घ्या."

आक्कांनी घोंगडी हाताला गुंडाळली आणि मामंजींची वायर काढली. इंजिन कण्हलं. परत लावली. आत्याबाईंची काढली. कण्हलं. भावजींची काढली, आणि तेही नेमके त्या दिवशी कामाला होते. आता एकच राहिली. आक्कांचा हात चौथ्या वायरीवर जाऊन थांबला. भावजींना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण मला होतं. आक्कांनी वायर काढली. इंजिन होतं तसंच हिसडत राहिलं. फरक नाही. हाईत तरी त्येच, न्हाईत तरी त्येच, हे एरवीचं वाक्य त्या या वेळी बोलल्या नाहीत.

मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. मला वाटलं रडताहेत, म्हणून मी जवळ गेले. त्या रडत नव्हत्या, चौथ्या प्लगकडं बघत होत्या. त्याची पांढरी चिनीमाती शेंड्यापासून बुडापर्यंत हळद-कुंकवानं माखली होती. बाकीच्या तिघांना एकेक बोट लागलं होतं, आणि याला आक्कांनी ओंजळ भरून लावलं होतं. बंद बॉनेटखाली ते अजून ओलसर होतं, आणि ठिणगी आत पडायच्या ऐवजी त्या ओल्या कुंकवावरनं बाहेरच्या बाहेर ओघळून जात होती.

आक्कांनी पदरानं तो प्लग स्वच्छ पुसला. कोरडा केला, वायर लावली, हँडल मारलं. गाडी अशी चालली की वर ठेवलेल्या डब्यातलं पाणी हललं नसतं. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि दिराकडं वळल्या.

"भावजी, ठिनगी हुतीच. माझ्याच कुंकवानं आडवली हुती. गाडीचं पुसलं मी. माझं पुसनार न्हाई. आत्याबाईंना सांगा, लेक मिसिंग हाय तुमचा. बंद न्हाई."

भावजी जेवले, वहिनीच्या पाया पडले आणि दुपारच्या मोटारीनं गेले. पुढच्या वर्षी कुंडलहून गुळाची ढेप आली. निरोप आला नाही.

लढाई संपली, आणि त्यानंतर कितीतरी महिन्यांनी मालक आले. कैदेत होते. त्यांच्याच पलटणीतल्या वाईकडच्या एका शिपायानं त्यांना दाराशी आणून सोडलं. आक्का बरोबर होत्या आणि बाकीचे सगळे चूक, असं म्हणून मला इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण जे आले होते ते हाडं आणि कातडी. बस म्हटलं की बसायचे, जेव म्हटलं की जेवायचे. बोलत नव्हते. शिपाई म्हणाला, जहाजावरसुद्धा बोलले नाहीत. दिवसभर ओसरीवर बसून समोरच्या भिंतीकडं बघायचे, आणि आक्का समोर आल्या तर आक्कांकडंही तसंच भिंतीसारखं बघायचे. डॉक्टरांनी तपासलं. अंगात दोष नाही म्हणाले, वाट बघा म्हणाले. भावजी आले, भावाच्या पायांवर डोकं ठेवून रडले, आणि कुंडलच्या देवऋष्याकडं न्यायचं म्हणायला लागले. आक्कांनी नकार दिला. "अजून मिसिंगच हाईत," त्या म्हणाल्या. "शोधती मी."

आणि त्यांनी शोधायला सुरुवात केली. एका वक्ताला एकच. एक दिवस त्यांच्या आवडीचं पिठलं केलं आणि पुढ्यात बसून, मान कलती करून, बघत राहिल्या. फरक नाही. दुसऱ्या वेळी वाईचा जुना मोटारवाला मित्र बोलावला. तो बिचारा एकटाच बोलून, डोळे पुसत गेला. मग कुंडलहून आईचं लुगडं आणून त्यांच्या उशाला ठेवलं. मग त्यांची जुनी टोपी. प्रत्येक वेळी आक्का वाट बघायच्या, मान हलवायच्या, आणि ती वस्तू जागच्या जागी ठेवून द्यायच्या. चिडल्या नाहीत, घाई केली नाही. माझ्यासमोर त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही. फक्त एकदा मी गोठ्यात गेले तेव्हा त्या गाडीच्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून उभ्या होत्या. काय झालं असं मी विचारलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "ते आल्यापासनं मला उचकी लागली न्हाई."

इतकी वर्षं मी त्या उचकीला हसले होते. आता मला रडू आवरेना. नवरा ओसरीवर बसला होता आणि आक्कांची आठवण काढणारं जगात कुणी उरलं नव्हतं. आक्काच मला थोपटत राहिल्या.

रविवारी गाडी चालू व्हायची. त्या दिवसांत ती फार सुरेख चालत होती, आक्कांनी तिच्यात काही उणं ठेवलं नव्हतं. मालक ओसरीवरनं मान वळवूनही बघत नसत. आक्कांना याचंच सगळ्यांत जास्त लागायचं. ज्या गाडीसाठी एवढं केलं, ती ते ऐकतसुद्धा नाहीत. मी सहज म्हणून गेले, की अहो आक्का, ती चालतेच इतकी सुरळीत, तिच्यात ऐकण्यासारखं आहे काय? आक्कांनी माझ्याकडं बघितलं.

पुढच्या रविवारी मी केस विंचरत होते. मागनं फट्‌कन आवाज आला. मग हिसडा, मग पुन्हा फट्. मी तशीच गोठ्यात धावले. बॉनेट उघडं होतं, इंजिन उड्या मारत होतं, आणि आक्का हात पदराखाली घेऊन बाजूला शांत उभ्या होत्या. चौथ्या प्लगवर वायरच नव्हती. अशानं इंजिन खराब होईल, पेट्रोल फुकट जातंय, असं मी म्हणायला लागले. आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हनुवटीनं ओसरीकडं खूण केली.

गोठ्याच्या दारातनं ओसरीचा कोपरा दिसायचा. फट् आवाज झाला आणि मालकांचा खांदा हलला. पुन्हा झाला, पुन्हा हलला. मग त्यांनी मान एका बाजूला कलती केली आणि डोळे मिटले. आक्का गाडीपाशी उभ्या राहायच्या ती रीत त्या कुणाकडून शिकल्या, ते मला तेव्हा दिसलं. पेट्रोल जळत होतं, धूर कोंडत होता, आणि आक्का जागच्या हलल्या नाहीत.

मालक उठले. कुणी ऊठ म्हटलेलं नसताना उठले. भिंतीला धरत धरत गोठ्याच्या दारात आले आणि तिथंच थांबून पुन्हा ऐकायला लागले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. इंजिनाकडं त्यांनी अजून बघितलंही नव्हतं.

"चौथा मारत न्हाई," ते म्हणाले. आवाज गंजलेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

चौथा कोण, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ते आक्कांना ठाऊक होतं आणि मला. आक्कांची हनुवटी सवयीनं वर झाली.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. पदराखालनं वायर काढून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. "लय दिस झालं. बसवा आता."